मूठ

अर्ज मीच भरते.
आई सांगते, मी लिहिते.
नववीत आहे, अक्षर बरं आहे,
आणि घरात काळा पेन एकच, तो माझा.

अर्जदाराचे नाव : सुगत विनायक खोब्रागडे.
वय : अकरा.
अपंगत्वाचा प्रकार :
आई म्हणते, "लिव, त्याले भूक लागली
का तो डाव्या टाचेनं जमीन घासते.
लिव, त्याले कुकरची शिट्टी चालत नाई,
शेळीच्या गळ्यातली घंटी चालते.
रातच्याले तीनदा कूस बदलून द्या लागते,
नाई तं पाठीले चट्टे पडतेत, हेही लिव."
रकाना बोटाएवढा.
मी लिहिते : बहुविकलांग.
"लिवलं सारं?"
हो, म्हणते.

असं काही असतं हे आम्हाला
आशाताईंनी सांगितलं, उईके मॅडम,
त्याही दुसऱ्याच कोणाच्या बाळंतपणाची नोंद घ्यायला आल्या होत्या.
दहा वर्षं बाबांना वाटायचं
सरकारात अशा पोरांचं काम
पोलिओच्या डोसापुरतंच असते.

तर, पैशांसाठी कार्ड लागतं,
कार्डासाठी टक्के,
टक्क्यांसाठी यवतमाळ,
आणि सगळ्याच्या आधी आधार,
म्हणजे बोटं.

घाटंजीच्या सेतूत ठमकेदादा म्हणाले, टेकवा.
सुगतची मूठ मिटलेलीच असते.
त्यांनी ओढून पाहिली.
रांगेतल्या एका काकांनीही ओढून पाहिली,
त्यांचं काम अडलं होतं.
ओढावं तितकी ती घट्ट,
ओल्या सुतळीच्या गाठीसारखी.
"पुढच्या हप्त्यात या."
आलो. त्याच्या पुढच्याही हप्त्यात आलो.
दर खेपेला ऑटोचे एकशेवीस,
आईची हरभऱ्याची सोंगणी,
माझे विज्ञानाचे दोन तास.
(उत्पन्नाच्या दाखल्यात हे कुठे लिहायचं
तलाठ्यांना विचारलं नाही.)

चौथ्या खेपेला आई म्हणाली, "सरका."
त्याचं मनगट खाली वाकवलं, सावकाश,
अंगठ्याच्या मुळाशी फुंकर घातली,
रोज आंघोळीच्या वेळी तळवा पुसायला घालते तशी.
करंगळी सुटली. मग बाकीची.
तळहातात मोहाचं एक फूल,
घामानं पार चेपलेलं.
कोणी दिलं, कधी दिलं,
सकाळपासून त्यानं कसं सांभाळलं,
कोणालाच ठाऊक नाही.
मशीनवर हिरवा दिवा लागला.
उजव्या हाताची तीनच आली.
"चालते," ठमकेदादा म्हणाले,
आणि ते फूल टेबलावरून उचलून
परत त्याच्या मुठीत ठेवलं.

यवतमाळच्या बसमध्ये उईके मॅडम हळूच म्हणाल्या,
"त्याला काय काय येतं ते सांगू नका बाई,
टक्के कमी होतात."
वर्षभर जी अख्ख्या मोहल्ल्याला सांगत फिरते,
आज मान धरली सुगतनं,
आज तुरीचं वरण नको म्हणून तोंड फिरवलं,
ती डॉक्टरांपुढे उभी राहून म्हणाली,
"काईच येत नाई, साहेब."
सुगत तिच्याकडे बघून हसला. मोठ्यानं.
डॉक्टरांनी वर पाहिलं,
मग लिहिलं : ऐंशी.

परतीच्या वाटेवर आई कोणाशी बोलली नाही.
पांघरुणाखाली तिचा हात त्याच्या मुठीवर होता.

आता पैसे येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम,
कधी येतच नाहीत, मग बँकेत जाऊन बसायचं.
आणि वर्षातून एकदा हा नवा कागद :
हयातीचा दाखला.
"हे काय वं?"
सुगत जिवंत आहे असं लिहून द्यायचं.
आई थांबली. चुलीपुढचं लाकूड आत सारलं.
"मंग लिव, भूक लागली का
डाव्या टाचेनं जमीन घासते."

इथेही रकाना बोटाएवढाच.
मी कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी होती.