दोरीची जागा

कायानीत नदीकाठी, जिथे कागदाची गिरणी होती,
तिथे आता संगणक आहेत. कपाटांच्या रांगाच्या रांगा.
माझ्या वाट्याला सरोवर आलंय,
ओउलुयार्वीचा बर्फ, वसंतात फुटतो तेव्हाचा.

सरोवराचे चौसष्ट तुकडे केले, चौसष्ट प्रोसेसर.
कुणालाच शेजारचं दिसत नाही.
बर्फाची लादी हद्द ओलांडायला निघाली
की इकडून पाठवायची, तिकडून घ्यायची.

आधी मी सुटं सुटं पाठवायचे:
क्रमांक. मग जात. मग जाडी. मग क्ष. मग य.
मग तडा आहे की नाही.
एका लादीपायी सहा निरोप.
वाऱ्याचा दिवस असला की यंत्र नुसतं निरोप्याचं काम करी,
बर्फ जागचा हलत नसे.

पिर्यो म्हणाली, लादी म्हणजे काय
ते एकदाच सांगून टाक ना त्याला.

बसले. व्याख्या लिहिली.
शून्यावर पूर्णांक, चारावर जातीचं अक्षर,
आठावर जाडी, सोळावर क्ष, चोविसावर य,
बत्तिसावर तड्याचं अक्षर, आणि झालं.
(पाचापासून आठापर्यंतची पोकळी मी ओलांडली
अंधारात सवयीची पायरी ओलांडावी तशी.)
एकूण लांबी: तेहतीस. बोटांवर मोजून सांगितली,
नोंदवली, पाठवली.

पहिली लादी धडधाकट पोचली.
दुसरीची जाडी निघाली उणे नऊ हजार किलोमीटर.
तिसरी कुठे गेली देव जाणे.

रात्री बाबांकडे जेवायला. माशाचं सूप, राईचा पाव.
ओइव्हा कार्प्पिनेन, एकतीस वर्षं गिरणीत,
रिळांना चिठ्ठ्या बांधायच्या खात्यात.
कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा अजून खणात आहे,
पाठीवर ते किराणा लिहितात.
मी एक उलटून पाहिली.
रीळ क्रमांक. प्रत. वजन. बंदर.
आणि उजव्या कडेला बोटभर काहीच नाही.

इथे काय लिहायचात?
काही नाही.
मग सोडलीय कशाला?
चमचा हातातच. म्हणाले,
दोरी कुठून ओवणार?

सात बाइट.
तेहतीस नव्हे, चाळीस.
पुढची लादी आठाच्या पाढ्यावर बसावी म्हणून
कम्पायलरने प्रत्येकीच्या शेपटाला राखलेले सात.
त्यांत माल नव्हता, म्हणून मी ते धरलेच नव्हते.

आता बर्फ सरकतो. माणामान्सालोच्या बाजूला
लाद्या एकमेकींवर चढतात, चढायला हव्यात तशा,
एका लादीमागे एक निरोप.

शेवटची ओळ राहिली होती: व्याख्या मोकळी कर.
पिर्योला विचारलं, आणि ज्या वाटेत असतील त्या?
त्या पोचतात, म्हणाली.
नवीन काही निघत नाही, एवढंच.

गिरणी शुक्रवारी बंद झाली होती.
बाबांच्या अक्षरातली रिळं
मंगळवारी ल्यूबेकला उतरली.