आडवाट

केप्याच्या बंद काजू कारखान्यातून
अकरा फूट रबरी पट्टा उचलून आणला.
टेम्पोवाल्यानं विचारलं, बाणावलीत कारखाना काढताय?
म्हटलं, नाही. समुद्र काढतेय.

पट्ट्याला निळा रंग दिला, दोनदा;
पहिला हात काजूच्या चिकानं खाल्ला.
एका टोकाला प्लायवूडचा किनारा:
एक माड, एक छत्री,
हात हलवणारी एक आई.
मूल पट्ट्यावर चढतं, आईकडे पळतं
आणि पट्टा त्याला मागे नेतो.
जितकं जोरात पळावं, तितका तोही जोरात.
बाजूच्या वाळूत पाऊल टाकलं
की सायकलची घंटी वाजते.
एवढाच खेळ.

कायतान रापण सुकवता सुकवता बघत होता.
शेजारचा फलक त्यानं हनुवटीनं दाखवला,
चार भाषांत, लाल अक्षरांत: पोहू नका.
"दर्याक वाचूंक येना," म्हणाला.
मग स्वतःच पट्ट्यावर चढला, साठीचा माणूस,
आणि एकही पाऊल न पळता बाजूला उतरला.
घंटी वाजली तसा दचकला.

पहिल्या दिवशी मी हरले.
इचलकरंजीच्या सहलीतली पोरं,
घंटी कुणालाच नको होती.
जास्त कोण टिकतो, पैज लागली.
दातओठ खाऊन सरळ, सरळच,
आणि सर टाळ्या वाजवत,
"शाब्बास! हार मानायची नाही!"
त्यांच्या फळ्यावर असणार तो सुविचार,
प्रवाहाविरुद्ध पोहतो तोच खरा.
आमच्याही होता.
माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच लिहायचे.

रात्री कंदिलाशी पट्टा उलगडून बसले.
पळण्यात मजा भरली होती मी,
सुटण्यात भरायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी शॅकवाल्याची नात, झेल्मा,
वय पाच, चार पावलं पळाली
आणि कंटाळून पट्ट्यावर उताणी झोपली,
एक हात वर, आभाळाला काही मागावं तसा.
पट्टा तिला घेऊन गेला टोकापर्यंत,
जिथे त्याची ओढ संपते
आणि मुलं पडू नयेत म्हणून मी
कायतानची फाटकी रापण बांधली होती.
ती उठली, लांबून फिरून,
वाटेत एक शिंपला उचलून
प्लायवूडच्या आईपाशी पोहोचली.
"थकूंक ना हांव," म्हणाली, तक्रारीच्या सुरात.
दुपारीच मी टोकाला दुसरी घंटी बसवली,
पहिलीपेक्षा मोठी.

एक गोष्ट मात्र जमली नाही.
दोन फुटत्या लाटांच्या मधली ती सपाट पट्टी,
जिथे फेस नसतो, आवाज नसतो,
आणि आया म्हणतात, इथे ये बाळा, इथे शांत आहे.
मडगावला रंगाच्या दुकानात तिची छटा मागितली.
त्यानं सात हिरवे दाखवले.
सगळेच गोड.

संध्याकाळी ताडपत्री ओढताना
एक माणूस आला. पायात बूट, खिशात पेन, एकटा.
पट्ट्यावर चढला नाही.
"बाजूला म्हणजे किती?" त्यानं विचारलं.
म्हटलं, ठरलेलं नसतं.
वीस पावलं. कधी पन्नास.
तो किनाऱ्याच्या कडेनं चालत गेला, मोजत.
आकडे ऐकू येत होते, मग येईनात.
थांबला तिथे बराच वेळ उभा राहिला,
पाण्याकडे पाठ नाही, तोंडही नाही,
जिथून निघाला त्या जागेकडे बघत.
परत येऊन एवढंच म्हणाला,
"इतकंच."
प्रश्न होता की नाही, मला कळलं नाही.

सकाळी टेप घेऊन गेले, अंतर मोजू म्हणून.
भरतीनं पावलं नेली होती.
अंदाजानंच पिवळ्या रंगाचा डबा उघडला,
पहिलं पाऊल काढायला वाकले,
तर मागून कायतान:
"घांटीक तेल घाल गो बाय,
मीठ लागलां."