दोन बोटं जागा

एकतीस वर्षं मी माश्यांचा स्वयंपाक करते.
मक्याचं पीठ, यीस्ट, साखर, अगर;
तळाला लागू द्यायचं नाही, एवढीच विद्या.
सेगेदमध्ये, तिसा नदीच्या पलीकडे,
तळमजल्यावरच्या खोलीत
माझ्या कढईवर पाच प्रबंध शिजले.
आभाराच्या पानाच्या तळाशी मी:
शिवाय, एतेल्का.

पोसलेली अळी खाणं सोडून काचेवर चढू लागली
की तिला उचलायचं.
दोन सुयांनी तोंडाकडून ओढलं
की लाळग्रंथींची जोडी बाहेर येते,
द्राक्षाच्या सालीसारखी आरपार.
थेंबभर आम्ल, वर काच,
आणि मग अंगठा.
किती दाबायचं ते कुठे लिहिलेलं नाही.
कमी दाबलं तर गुंता, जास्त दाबलं तर चिखल.
नेमकं दाबलं
तर एका गाठीतून पाच लांब हात पसरतात,
हरेकात हजारभर धाग्यांची जुडी,
गडद पट्टे, फिके पट्टे.
गडदात धागा गच्च गुंडाळलेला.
जनुक वाचायला येणारे फिक्यातच येतात.

माझी आई रोस्केची, मिरच्यांच्या गावची.
देठातून सुई काढताना
दर मिरचीमागे दोन बोटं जागा सोडायची.
ऑक्टोबरभर माळा वळचणीला,
आणि ती रोज स्टुलावर चढून
मिरच्या सरकवणार, इकडची तिकडे.
वारा शिरला नाही की आतून बुरशी.

पेशीतही असे सरकवणारे आहेत.
त्यांची नावं मी बाटल्यांवर लिहिते.
एकाचं किस्मत. तो शब्द ऐकून होते,
तुर्क दीडशे वर्षं राहून गेलेत इथं.
एकाचं ब्रह्मा.
हा कोण, ते बंगळूरहून आलेल्या पाहुणीनं सांगितलं:
चार तोंडं, घडवतो सगळं तोच,
देवळं मात्र शोधावी लागतात.
मला बरं वाटलं.
आभाराच्या पानावरचा देव.

झोंबोरनं गेल्या हिवाळ्यात ब्रह्मा निकामी केला.
पट्टे जागच्या जागी,
एक अक्षर गहाळ नाही,
फक्त वाचणारे जवळपास कुठेच दिसेनात.
जिथं हिरवं चमकायचं तिथं अंधार.
तो सूक्ष्मदर्शकावरून उठेचना.

दुसऱ्या बाटलीत दुसरा सरकवणारा नव्हता.
तिथं नराचा एकटा एक्स तेवढा
सैल पडून फुगलेला.
आमचा ओदोन रविवारी जेवून पट्टा सोडतो तसा,
मी म्हणाले.
झोंबोर हसला, महिन्यात पहिल्यांदा.

गुरुवारी प्रोफेसर ओर्माय पाहुण्यांना घेऊन आले
आणि कढईवर टांगलेल्या माझ्या माळेकडे बोट केलं.
हा धागा. ह्या मिरच्या म्हणजे
धागा ज्यांच्याभोवती गुंडाळतो त्या प्रथिनांच्या गोळ्या.
माळेत मधेच सात-आठ मिरच्या नव्हत्या.
दोरा उघडा.
बघा, ते म्हणाले, हीच ती मोकळी जागा!
इथं कुणीतरी ऊर्जा खर्चून धागा उघडला.
मी म्हणाले, बुधवारी माशाचं सूप केलं,
भूक लागली होती.

सगळे हसले. झोंबोर नाही.
बरोबर आहे त्यांचं, तो म्हणाला,
भूक लागल्याशिवाय कोण सरकवतं?

संध्याकाळी अंगठा ठणकत होता.
गेली दोन वर्षं ठणकतो; बोलले नव्हते.
झोंबोरला म्हटलं, आज तू दाब.
पहिली काच फुटली.
दुसऱ्या काचेखाली चिखल.
तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप पुढे गेला,
तो मी ॲप्रनच्या खिशात घातला
आणि बाकावर थोडी बाजूला सरकले.
दोन बोटं असेल.

तो वाकून बघत होता. काही बोलेना.
मागं कढई
तळाला लागल्याचा वास.