बारा रिकामे क्रेट

मालीमच्या धक्क्याला पहाटे साडेतीनला
एक ट्रॉलर लागला आणि अडला.
पोट बांगड्यांनी भरलेलं,
उतरवायला क्रेट नाहीत.
क्रेट आहेत, पण मागच्या ट्रॉलरवर, भरलेले;
आणि मागच्याला हवाय धक्का,
जो पुढच्याने धरलाय.

वर, बर्फाच्या कारखान्यावरच्या भाड्याच्या खोलीत
माझंही मशीन तसंच गोठलेलं.
सातवी रात्र.
फाइल लिहायची म्हणून मी कुलूप घेतलं,
आणि कुलूप हातात ठेवूनच जागा मागितली,
चार केबी, चिमूटभर.
मेमरी म्हणाली, थांब, कुणाची तरी रिकामी करून देते.
आणि गेली जुनी पानं डिस्कवर उतरवायला
माझ्याच दारात.
दार बंद.
किल्ली माझ्या मुठीत.
ती माझी वाट बघतेय, मी तिची,
आणि कुणाचंच काही चुकलेलं नाही.
लॉगमध्ये एवढंच:
काम एकशेवीस सेकंदांपासून अडकलं आहे.

खाली शिव्या सुरू झाल्या, कोकणीतून, कन्नडातून, ओडियातून.
इनासबाब माकडटोपी घालून बाहेर आले,
ओरडले नाहीत,
ताडपत्रीखालून बारा क्रेट ओढले.
निळे. प्रत्येकावर चुन्याची फुली.
हे ते एरवी कुणाला देत नाहीत,
ऑगस्टात बंदी उठते त्या दिवशीसुद्धा नाही.
बाराच क्रेट ट्रकपर्यंत गेले,
रिकामे होऊन आले, परत गेले.
सावकाश.
पण हललं.

चहा पिताना मी विचारलं,
वर्षभर बारा क्रेट रिकामे पडून, परवडतं?
"रिकामे कुठले, बाय," ते म्हणाले,
"राखण करतात ते."

मग मी वर येऊन काही ओळी हलवल्या.
मागणं कुलपाच्या आधी.
जिथे आधी जमत नाही तिथे मागतानाच सांगणं:
असेल तर दे, नसेल तर नाही म्हण,
पण रिकामं करायला माझ्या दारी येऊ नकोस.
आणि यंत्र उठताक्षणीच
थोडी पानं बाजूला काढून ठेवणं,
वापरली की परत तिथेच.
फुली मारायला चुना नव्हता,
कॉमेंट लिहिली.

चाचणी चालू आहे. तिसरा तास.
डिस्क गच्च, मेमरी गच्च, आकडे पुढे सरकताहेत,
माझा अजून विश्वास बसत नाही.

खाली इनासबाब पाइप लावून क्रेट धुताहेत.
धुऊन मोजले.
अकरा.
पुन्हा मोजताहेत.