ओतीव, अंक चौदावा

गुरुवारचं पार्सल शनिवारी आलं.
गोवावेसला दुंडाप्पाच्या स्टॉलवर
दोरी माझ्यासमोरच कापली त्यानं,
आणि म्हणाला, यल्लाप्पा, आधी पैसे.
पन्नासचा अंक पासष्ट केलाय,
कागद मात्र पातळ;
मागच्या पानावरचा खलनायक
पुढच्या पानावरच्या नायकाच्या पोटातून दिसतोय.

तीन घेतले.
दुसरं रेल्वे गेट पडलं होतं, मालगाडी लांबलचक.
सायकल कमरेला टेकवून
'सप्तशूल' तिथंच संपवला. एवढाच त्याचा जीव.
सात वीर, सातही जण छाती पुढं काढून उभे,
शत्रू बिचारा एकटा.
आमच्या गल्लीत याला मारामारी म्हणत नाहीत.

'चिचुंद्री' बरी आहे.
जमिनीखालचं ऐकू येतं तिला,
पाइपातलं पाणी, उंदरांची भांडणं, गाडलेली माणसं.
पण उंच टाचांचे बूट घालून बोगद्यात कोण धावतं?
माझी बहीण शेवंता साड्यांच्या दुकानात
दहा तास उभी असते, तिला चित्र दाखवलं.
म्हणाली, काढणाऱ्याला एक दिवस घालायला सांग.

आता 'ओतीव'.
बाकीचे अंक मी वाचतो, हा तपासतो.
उद्यमबागेत एकोणीस वर्षं लेडल धरलाय.
वितळल्या लोखंडाचा माणूस काढायचा
तर आधी मला विचारायला हवं होतं.
लाल रंगवलाय त्याला, कुंकवासारखा.
लाल म्हणजे गार झाला, बाबा. लाल म्हणजे उशीर.
ओतायच्या वेळी लोखंड पिवळ्याच्याही पलीकडं जातं,
डोळे मिटले तरी पापणीच्या आत उरतं.
आणि सातव्या पानावर हा गडी
धरणात उडी मारतो, तर नुसती वाफ!
अरे, साच्यातली वाळू जराशी ओली राहिली
तरी धातू उसळून अंगावर येतो.
माझं डावं मनगट बघा.
धरण उरलं नसतं.

पण अकरावं पान.
अख्ख्या पानाची एकच चौकट.
लढाई संपलीय, आसपास कोणी नाही,
तो उभ्याउभ्या गार होत चाललाय.
आधी वरची कातडी धरते, आतलं अजून हलत असतं,
मग आतलं आकसतं,
आणि भरून काढायला वरून काही येत नाही.
छातीत पोकळी राहते.
काढणारा कधीतरी भट्टीजवळ उभा राहिलाय,
नाहीतर भट्टीवरून घरी आलेल्या कुणाजवळ.

तिथं मराठी फुग्यात लिहिलंय,
'माझ्या अंतरी रिक्तता दाटली आहे.'
असं कोण बोलतं? लोखंड बोलेल असं?

मल्लिकार्जुन, बैलहोंगलचा, आमचा मोल्डर,
कानडी अंक घेतो. तिथं याचं नाव एरक.
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
दोन्ही अंक शेजारी शेजारी उघडले,
पानं उडू नयेत म्हणून वर शेंगाचटणीचा डबा.
त्याच्या फुग्यात एकच शब्द. टोळ्ळु.
म्हणजे काय गा?
त्यानं काल नापास झालेलं पंपाचं कास्टिंग उचललं,
खडूची फुली असलेलं,
आणि नखानं टक् टक् वाजवून दाखवलं.

मानलं. या पानापुरती कानडी जिंकली.
घरी सांगू नका,
काका एक नोव्हेंबरला अजून काळी फीत लावतात.

पुढच्या अंकाची जाहिरात आहे शेवटी:
ओतीवला पुन्हा वितळवणार म्हणे.
मला नको आहे ते.
फुलीचा तुकडा परत भट्टीत जातो, हे रोजचंच.
एखादा राहू द्यावा की तसाच,
गेटाजवळ, वॉचमनच्या खुर्चीशेजारी.

आणि पिना. दोनच्या जागी एकच मारलीय यांनी,
मधलं पान दुसऱ्या वाचनालाच सुटून आलं.
नेमकं अकरावं.
मल्लिकार्जुन ते आपल्या अंकात घालून घरी घेऊन गेला,
बायकोला दाखवतो म्हणाला.
उद्या मागून घेतो.