पावणेपाचचा उजेड

दिवाडीच्या धक्क्यावर फेरीतून उतरले
तेव्हा ऊन अजून डोक्यावर उभं होतं,
माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसाव्यात असं.
अशा उन्हात मी कुणाचाच फोटो काढत नाही.

म्हणून एस्पेरांसबायच्या बलकांवात दोन तास,
कोकमाचं सरबत आणि तिचं गाऱ्हाणं:
"पेपरात घालायला फोटो हवा गो, आताच काढून ठेव.
पोरं एक कतारला, एक स्विंडनला,
घाईत त्यांना काय सापडणार?
कुणाच्या तरी लग्नातली मी, तोंडात सोरपोतेल.
आमच्या बोस्त्यांवचा छापला तसा.
बघ, खांद्यावर कुणाचा हात राहिलाय,
कापायला विसरले.
बारा वर्षं झाली,
मी त्या हाताचा माणूस शोधते आहे."

पावणेपाचला सालातल्या खिडकीशी खुर्ची ओढली.
फ्लॅश नाही, दिवा नाही.
काचेच्या जागी शिंपल्यांचे चौकोन,
तीन फुटलेले, तिथे पुठ्ठा.
उजेड आत येत होता ताकाच्या निवळीसारखा,
गालावर थांबत, सुरकुतीत मुरत.
पलीकडची सावली जरा जड वाटली
तर जेवणाच्या टेबलावरची पांढरी चादर
शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली.
एवढंच माझं यंत्र.

तिने हनुवटी वर केली.
पडलेल्या दातावर ओठ मिटले.
डोळ्यांत कुणीतरी आतून दार लावून घेतलं.
मी तीनदा बटण दाबलं, नाइलाजाने.
मग थांबले. माझा धंदाच थांबण्याचा:
माणूस कॅमेरा विसरेपर्यंत
भिंतीवरच्या पालीसारखं बसून राहायचं.

रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
ती बसल्या जागेवरून खिडकीबाहेर ओरडली:
कालचे पाव, कालचा हिशेब, पोदेराचं सगळं खानदान.
त्याने बाहेरून काय उत्तर दिलं कोण जाणे,
ती हसली,
पडक्या दातासकट, मानेच्या शिरांसकट.
अकरा फ्रेम.
परतताना फेरीत मी पिशवी पोटाशी धरून बसले,
गळाला पहिला मासा लागलेल्या पोरीसारखी.

पुढच्या बुधवारी दोन प्रिंट घेऊन गेले.
हसरा वर ठेवला, मुद्दाम.
तिने चष्मा पुसला. बघितलं. पुन्हा पुसला.
"ही माझी आई," म्हणाली.
मग खालचा ओढून काढला, मिटल्या ओठांचा,
त्यावर बोट ठेवलं: "ही हांव."

मी म्हटलं, बाये, हा तर तुम्ही चेहरा केलाय.

"केलाच. मग काय आयता मिळाला?
नवरा बोटीवर, नऊ-नऊ महिने.
पत्र नाही, सोनार दारात, पोरं तापाने फणफणलेली.
आत काय रडायचं ते रडून घ्यायचं
आणि हे तोंड घालून मिसाक जायचं.
चाळीस वर्षं घडवलंय.
देव देतो तेवढंच का तोंड असतं?"

मी तो फोटो पुन्हा पाहिला.
खाली, कडेला, डाव्या हाताने
खुर्चीचा वेत इतका घट्ट धरलेला
की पेरं पांढरी.
उजेडाने ते टिपलं होतं.
मी नाही.

हसरा परत पिशवीत घालू लागले
तर तिने मनगट धरलं.
"तो ठेव. आईचा एकही नाही घरात.
तिच्या वेळी कोण काढणार होतं,
दुसऱ्याच्या खाजणात राबणाऱ्या बाईचा?"
ओरातोरातली मेणबत्ती जराशी सरकवून
तिने आईला जागा केली.

पैसे मात्र एकाचेच दिले,
रुमालाच्या गाठीतून, मोजून.
"दुसरी आई गो.
तिच्याकडून तू कसे घेशील?"