आधी बटण

कोगनोळीचा टोलनाका मागं पडला तेव्हा साडेआठ.
निपाणीत पतसंस्थेच्या जिन्यावर
तंबाखूचा वास पायरीगणिक दाट होतो.
शेजारी वखार. पंखे ती ओढून घेतात,
कॉम्प्युटरचेसुद्धा.

फायरवॉल कपाटावर बसलं होतं,
पोळीच्या डब्याएवढं,
नारिंगी दिवा लावून. हिरवा नाही, लालही नाही.
"दुपारपासनं असंच बसलंय बघा," शिंत्रेबाई म्हणाल्या,
"उद्या बाजार. विडीच्या बायका पैसे काढायला येणार.
मी काय वहीत लिहू व्हय?"

पुस्तिकेत रिकव्हरी मोडबद्दल एकच ओळ:
रिसेट दाबून धरा, दहा सेकंद.
भोकात जाईल असं काही माझ्याकडं नव्हतं.
बाईंनी खांद्यावरची पिन काढून दिली
आणि पदर हातानं धरून उभ्या राहिल्या.

दहा. नारिंगी.
पंधरा. नारिंगी.
तीस, अंगठ्यावर वळ उठेस्तोवर.
दिव्यानं डोळा मिटला, उघडला,
पुन्हा तोच चेहरा.

कन्सोलची केबल लावली.
स्क्रीनवर चौकोन सांडले, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोनदोन टिंबं घेतलेली अक्षरं.
"इदु कन्नड अल्ला," मागून ईरण्णा म्हणाला.
वॉचमन. सवदत्तीचा, इथं येऊन दोन महिने.
मराठीही नव्हतं.
मी नऊ हजार सहाशेच्या वेगानं ऐकत होते,
ते बोलत होतं एक लाख पंधरा हजार दोनशेनं.
आकडा बदलला तशा ओळी माणसात आल्या:
कर्नल सापडत नाही. पुन्हा सुरू.
कर्नल सापडत नाही. पुन्हा सुरू.
कळलं तेवढंच. चालू काही झालं नाही.

कंपनीच्या फोनवर सनई वाजत राहिली.
शेवटी कंटाळून डबा उचलला, उलटा केला.
बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं तीन ओळी,
कन्नड लिपीत.
"यल्लाप्पाचं अक्षर," बाई म्हणाल्या. चष्मा घरी होता त्यांचा.
माझ्या आधीचा माणूस. तवंदीच्या घाटात गेला, गेल्या दिवाळीत.
घरी मराठी, शाळा संकेश्वरची, कानडी.
हात लिहायचा तो शाळेसारखा.

मी कागलची. कन्नड बोलते कामापुरतं,
वाचायचं म्हटलं की बसच्या पाटीपर्यंतच.
ईरण्णानं टॉर्च धरला, एकेक अक्षर सोडवत गेला:
आ दी ब ट ण.
म ग वा य र.
गा ई न को.
मग मान वर केली. "इदू कन्नड अल्ला, मॅडम."
त्याला वाचता आलं, कळलं नाही.
मला कळलं.

आम्ही सगळे चालू डब्याचं बटण दाबत बसलो होतो.

वायर काढली. पिन आत, बटण दाबलेलं.
आता तिसरा हात हवा. "हाकू," म्हटलं,
ईरण्णानं वायर खोचली.
तो मोजायला लागला ओंदू, एरडू,
बाई एक, दोन,
दोघांचा मेळ कुठं बसतोय!
तो आठवर होता, बाई अकरावर,
तेव्हा दिवा निळा झाला आणि लुकलुकला.

मग नुसती वाट. फाइल चढते,
टक्के मुंगीच्या चालीनं.
डब्याला आता काही आठवत नव्हतं,
कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही.
पेन ड्राइव्हमधून यल्लाप्पाचे नियम परत घातले,
त्याच्याच शब्दांत: मॅनेजर क्रिकेट बंद.
कर्ज विभाग, लग्नाचे फोटो बंद.
सतराव्या नंबरला,
शिंत्रेबाई, नातवाचा व्हिडिओ, सहानंतर सोडा.

बाई खिडकीकडं बघत होत्या. वखारीवर एकच बल्ब.
मी पुढच्या नियमावर गेले.

सव्वाअकराला हिरवा.
चिकटपट्टीची कड सुटत होती, अंगठ्यानं दाबली.
पिन परत दिली. टोक वाकलं होतं.
"असू दे की," म्हणाल्या,
आणि ती तशीच लावायला लागल्या.